उतारशाळेचा रखवालदार

(दृश्य : सकाळ. सांगली-मिरज रस्ता. शेअर रिक्षांची रांग. रिक्षावाल्याची हाक ऐकू येते.)

विश्रामबाग मागे पडलं की रिक्षावाला हमखास हाक देतो, "वानलेसवाडी, वानलेसवाडी!"

वाडी म्हटल्यावर आपण पुढचं काही विचारत नाही. पाटलाची वाडी असते, गोसाव्याची असते, तशीच ही कुणा वानलेसची. लहानपणी मला ते एखाद्या ग्रामदैवताचं नाव वाटायचं. वानलेसबाबा. उरुसही भरत असेल कुठेतरी.

नाव माणसाचंच आहे, पण कॅनडातल्या. विल्यम जेम्स वॉन्लेस. धर्माने ख्रिस्ती, पंथाने प्रेस्बिटेरियन, पेशाने सर्जन. १८८९ साली, पंचविशीच्या आत-बाहेर असताना, ते पत्नी मेरी यांच्यासह इकडे आले आणि सुरुवात केली ती सांगलीत, एका लहानशा दवाखान्यापासून.

(दृश्य : मिरज जंक्शन. फलाटावर उतरणारी माणसं. एका म्हाताऱ्या बाईच्या हाताला धरून चालणारा मुलगा.)

सांगलीतून मिरजेला यायला त्यांना फार दिवस लागले नाहीत. मिरज संस्थानात जागा मिळाली, आणि दुसरं कारण तुमच्यासमोर आहे : हे रेल्वे स्टेशन. पुण्याहून लोंढ्याकडे जाणारी गाडी मिरजेवरून धावू लागली होती, कोल्हापूरचा फाटाही इथेच जोडला गेला. बेळगावचा, विजापूरकडचा, घाटावरचा आणि घाटाखालचा रुग्ण मिरजेत उतरू शकत होता. १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं. इमारतीचा पैसा आला फिलाडेल्फियाहून, जॉन कॉन्व्हर्स नावाच्या गृहस्थांकडून. हे कॉन्व्हर्स बाल्डविन या आगगाडीची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्याचे भागीदार. म्हणजे दवाखानाही आगगाडीच्या पैशातून आणि रुग्णही आगगाडीतून. वॉन्लेसना यात देवाची योजना दिसली असती. मला योगायोग दिसतो. भांडण नाही.

लोक मात्र वॉन्लेस हॉस्पिटल म्हणत नसत. ‘मिशन’ म्हणत. "म्हातारीला मिशनात घातलंय." जत तालुक्यातल्या आमच्या गावात हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय. माझ्या आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिशनातलंच. ती सांगायची ते डॉक्टरबद्दल नसायचं. डॉक्टर तिला आठवतच नव्हता; डोळ्यावर पट्टी होती ना! तिला आठवायचा एक आवाज. रात्री कण्हलं की एक बाई यायची, कानडीत दोन शब्द बोलायची, उशी सरळ करायची. आजीला कानडी यायचं, म्हणून तिला ते घरचं वाटलं. पट्टी सुटेपर्यंत ती बाई बदलून गेली होती. चेहरा कधी पाहिलाच नाही.

(दृश्य : जुन्या दगडी इमारतीची कमान. रिकामा व्हरांडा. शांतता, तीन सेकंद.)

वॉन्लेसांची गोष्ट सांगताना आपण शस्त्रक्रिया मोजतो. त्या होत्याच. बेशुद्धीचं औषध आणि जखमेत जंतू शिरू न देण्याची शिस्त या दोन्ही गोष्टी तेव्हा जगातच फार जुन्या नव्हत्या, आणि आमच्याकडे तर जखम झाली की हळद, शेण, राख जे हाताशी असेल ते. मूतखडा, मोतीबिंदू, पोटातली गाठ घेऊन लोक दोन-दोन दिवसांचा प्रवास करून येत. त्यात १८९६ नंतरची वर्षं दुष्काळाची आणि प्लेगची. शहाणी माणसं गाव सोडून माळावर राहायला जात होती, त्या काळात दवाखान्याचं दार उघडं ठेवायचं होतं.

पण मला वाटतं, खरी गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलावर नाहीच. ती आहे १८९७ या सालात. हॉस्पिटल उघडून तीनच वर्षं झालेली, आणि वॉन्लेसनी इथल्या मुलांना डॉक्टरकी शिकवायचा वर्ग काढला. ज्या सर्जनची कीर्ती पसरते आहे त्याने आपला हात दुसऱ्याला शिकवत बसायचं, यात त्याचं नुकसान असतं. एक ऑपरेशन स्वतः केलं तर तासात संपतं. शिकाऊ पोराच्या हातून करून घ्यायचं तर जीव टांगणीला. तरी हा माणूस शिकवत राहिला. इथे शिकलेली मुलं हिंदुस्थानात ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत गेली.

(दृश्य : वर्तमान. मिरजेतला एक रस्ता. दोन्ही बाजूंना दवाखान्यांच्या पाट्या, औषधांची दुकानं.)

आज मिरजेला वैद्यकीय नगरी म्हणतात. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पाट्या वाचत चालायला लागलं तर मान दुखते; तिच्यासाठीही इथेच डॉक्टर आहे. मिरजेची दुसरी ख्याती सतारमेकरांची. पंढरपूरकडचे भोपळे आणायचे, तंबोरा घडवायचा, जवारी काढायची, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद जुळवायचा, आणि गवयाच्या मांडीवर देऊन मोकळं व्हायचं. मैफलीच्या जाहिरातीत कारागिराचं नाव नसतं. या गावाला ही सवय जुनीच आहे.

आता एक प्रश्न, जो टाळला तर तुम्ही खाली कॉमेंटमध्ये विचारालच. हे सगळं धर्मांतरासाठी होतं का?

मिशन ते मिशनच. शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, सांगणं हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी लपवला नाही. औषधाची वाट बघत बसलेल्या माणसांपुढे प्रार्थना होई. गरजू माणसापुढे धर्म मांडणं कितपत योग्य, हा वाद रास्त आहे. मीही त्यातून सुटलेलो नाही. पण इथे बरे होऊन गेलेल्यांमध्ये ख्रिस्ती झालेले फार थोडे. वारकरी आले, वारकरी म्हणून परतले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात नवस बोलून आलेला नवस फेडायला दर्ग्यातच गेला. तरीही दुसऱ्या दिवशी दार उघडलं जात होतं. हेतू फक्त डोकी मोजण्याचा असता तर हा धंदा लवकरच बंद पडला असता.

(दृश्य : सातारा. अजिंक्यतारा किल्ला, पायथ्याची जुनी घरं.)

याच श्रद्धेचा एक अगदी वेगळा नमुना इथे साताऱ्यात होता. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक. १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. टाळ, भजन, अभंग. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत वारले. दरबार फार पुढे गेला नाही. वॉन्लेसांमागे इमारत होती, शाळा होती, परदेशातला पैसा होता. टिळकांनी हे सगळं सोडूनच सुरुवात केली, आणि घर कसं चालवायचं ते पत्नी लक्ष्मीबाईंवर आलं. मोठ्या हेतूला वाहून घेणाऱ्याच्या घरी पीठ कोण मळतं, हेही कधीतरी विचारायला हवं.

(दृश्य : पुन्हा वानलेसवाडी. झाडं, मोकळं आवार.)

वॉन्लेस जवळजवळ चाळीस वर्षं राहिले. मेरी १९०६ मध्येच गेल्या. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, त्याच वर्षी त्यांनी मिरज सोडली, आणि १९३३ मध्ये ते अमेरिकेत वारले. हॉस्पिटल थांबलं नाही. डॉ. व्हेल यांनी ते पुढे चालवलं. सांगली आणि मिरजेच्या मधे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं होतं, त्याला वॉन्लेसांचं नाव मिळालं आणि त्यातून ही वाडी. क्षयावर तेव्हा रामबाण औषध नव्हतं. मोकळी हवा, दूध, अंडी, पूर्ण विश्रांती, आणि महिनोन्‌महिने कुणीतरी शेजारी थांबणं. शस्त्रक्रियेत दिसतो तसा चमत्कार तिथे नव्हता. नुसतं थांबणं होतं.

(दृश्य : रात्र. वॉर्डातला मंद दिवा. फक्त पावलांचा आवाज.)

शुभवर्तमानात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. वाटेत लुटलेला, अर्धमेला माणूस. देवळातली मोठी माणसं बाजूने निघून जातात. परका शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी, आणतो. उपदेशात गोष्ट इथवरच येते.

पण दुसऱ्या दिवशी शोमरोनी पुढच्या कामाला निघतो. उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातावर दोन नाणी ठेवतो. म्हणतो, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. मग त्या जखमी माणसाचे कपडे कुणी बदलले? रात्री पाणी कुणी दिलं? पू कुणी पुसला? रखवालदाराला नाव नाही. त्याच्या तोंडी एक वाक्यही नाही.

मिशनात अशी शेकडो माणसं होती. परिचारिका, कंपाउंडर, आया, भांडी उचलणारे. परक्या जातीच्या माणसाचं रक्त, उलटी, मलमूत्र हाताळणं हे ज्या काळात विटाळाचं काम होतं, त्या काळात मिशनच्या मुलींनी ते रोजचं काम म्हणून केलं. त्यांच्या नावाची वाडी कुठेच नाही.

(दृश्य : पहाट. खिडकीतून उजेड. दोन परिचारिका टेबलाशी उभ्या. एकीच्या हातात वही.)

मिरजेतल्या कुठल्याही वॉर्डात सकाळी हे दृश्य दिसेल. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला ‘ओव्हर’ देते. चार नंबरला रात्री ताप होता. सात नंबरचं सलाईन संपत आलंय. नऊ नंबरची म्हातारी झोपली नाही, तिला फक्त कानडी येतं.

"मला येतं थोडं," दुसरी म्हणते, आणि वही घेऊन नऊ नंबरकडे जाते.