तिजोरीला कुलूप, पण धाडी चालूच

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेत सरकार बंद पडल्याची बातमी आली, की पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांचे फोन खणखणायला लागतात. व्हिसाचं काय होणार? विमानतळ चालू आहेत ना? आणि भांडण जर स्थलांतरितांवरच्या कारवाईच्या पैशावरून असेल, तर आणखी एक प्रश्न हमखास येतो. पैसा अडला म्हणजे ती कारवाईही थांबली का? उत्तर आहे, नाही. बंद पडतं ते बाकीचं बरंच काही. ज्या कामावरून भांडण जुंपलेलं असतं, ते काम मात्र सहसा चालूच राहतं. असं का होतं, ते आज पाहू.

आधी मुळात सरकार बंद पडतंच कसं? आपल्याकडे राज्यघटनेच्या 114 व्या कलमाप्रमाणे संसदेच्या मंजुरीशिवाय संचित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतही अगदी असंच कलम आहे. फरक पुढे आहे. आपल्याकडे अंदाजपत्रकाला उशीर होणार असेल तर 116 व्या कलमाखाली लेखानुदान घेतात, राज्यात 206 व्या कलमाखाली. आणि लोकसभेत किंवा विधानसभेत खर्चाच्या मागणीवर सरकार हरलं, तर ते सरकारच राहत नाही. त्यामुळे तिजोरी बंद आणि सरकार मात्र जागेवर, अशी अवस्था आपल्याकडे येतच नाही. अमेरिकेत अध्यक्ष स्वतंत्रपणे निवडून येतो. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, पैसा नाकारला म्हणून त्याची खुर्ची जात नाही, आणि त्यानं सही नाकारली म्हणून काँग्रेस बरखास्त होत नाही. दोघंही आपापल्या जागी घट्ट बसतात आणि पगार थांबतो तो कारकुनाचा, विमानतळावर बॅगा तपासणाऱ्याचा.

तिथलं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. खर्चाची 12 विधेयकं असतात, त्यांतलं एक गृहसुरक्षा खात्याचं. सीमा गस्त, स्थलांतर कारवाईची 'आईस' ही यंत्रणा, विमानतळावरची तपासणी, तटरक्षक दल हे सगळं या एकाच खात्यात येतं. विधेयकं वेळेत झाली नाहीत तर मुदतवाढीचा तात्पुरता ठराव करतात. आपल्या लेखानुदानाचा हा चुलतभाऊच, पण त्यालाही दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि अध्यक्षांची सही लागते. शिवाय सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर 100 पैकी 60 मतं हवीत. तिढा बहुतेक वेळा इथेच बसतो.

आता या सगळ्याची कळ. मंजुरीशिवाय खर्च करू नये आणि फुकटची सेवाही घेऊ नये, असा कायदा तिथे 1884 पासून आहे. तरीही शंभरएक वर्षं खाती असा खंड पडला तर कशीबशी काम चालू ठेवत, पैसे मागाहून येतील या भरवशावर. 1980 आणि 1981 मध्ये तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिविलेटी यांनी मत दिलं, की असं चालणार नाही, मंजुरी नसेल तर काम बंद करा. त्यांनी अपवाद ठेवला तो माणसांच्या जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणाचा. आजची प्रत्येक कामबंदी या दोन मतांवर उभी आहे. सीमेवरचा गस्तवाला आणि 'आईस'चा अधिकारी त्या अपवादात बसतात. त्यामुळे स्थलांतरितांवरच्या कारवाईला विरोध म्हणून निधी रोखला, तरी कारवाई करणारे हात कामावरच राहतात.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण 2018-19 चं. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला अध्यक्ष ट्रम्प यांनी 5.7 अब्ज डॉलर मागितले. विरोधी डेमोक्रॅट पक्षानं देऊ केले होते 1.3 अब्ज. सिनेटनं 19 डिसेंबरला भिंतीच्या रकमेशिवाय मुदतवाढ मंजूर केली. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधीगृहानं 5.7 अब्ज घालून वेगळं विधेयक मंजूर केलं. त्याला सिनेटमध्ये 60 मतं मिळणं शक्य नव्हतं. 22 डिसेंबरला कुलूप लागलं. तेही सगळ्या सरकारला नव्हे, कारण 12 पैकी 5 विधेयकं आधीच झाली होती आणि त्यांत संरक्षण खातं होतं. उरलेल्या 7 विधेयकांमुळे 15 पैकी 9 खाती अडकली. सुमारे 8 लाख कर्मचाऱ्यांना झळ बसली. त्यांतले साधारण 3 लाख 80 हजार सक्तीच्या रजेवर घरी, आणि 4 लाख 20 हजार बिनपगारी कामावर.

बिनपगारी काम म्हणजे काय, हे तटरक्षक दलाकडे पाहिलं की कळतं. हे दल सैन्याचाच भाग, पण येतं गृहसुरक्षा खात्याखाली. संरक्षण खात्याचं विधेयक झालेलं असल्यामुळे नौदलाचा पगार वेळेवर झाला आणि तटरक्षक दलाच्या सुमारे 42 हजार जवानांचा 15 जानेवारीचा पगार झाला नाही. सैन्यदलाच्या एखाद्या शाखेवर कामबंदीत असा प्रसंग येण्याची ती पहिलीच वेळ. विमानतळांवरच्या सुमारे 51 हजार तपासनिसांचंही तेच. 20 जानेवारीच्या रविवारी त्यांच्यातली अचानक गैरहजेरी 10 टक्क्यांवर गेली. आदल्या वर्षी याच सुमारास ती 3 टक्क्यांच्या आसपास होती. माणसांना घरभाडं भरायचं होतं, पाळणाघराचे पैसे द्यायचे होते. त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल.

24 जानेवारीला सिनेटमध्ये दोन्ही बाजूंचे प्रस्ताव मतदानाला आले, एकाला 50 मतं, दुसऱ्याला 52. दोन्ही पडले. दुसऱ्या दिवशी हवाई वाहतूक नियंत्रक कमी पडले म्हणून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं काही काळ जागच्या जागी रोखावी लागली, आणि त्याच दिवशी, 35 व्या दिवशी, तात्पुरता ठराव झाला. शेवटी फेब्रुवारीत मंजूर झाले 1.375 अब्ज डॉलर, 55 मैल कुंपणासाठी. देऊ केलेल्या रकमेपेक्षा जेमतेम साडेसात कोटी डॉलर जास्त. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयानं या काळातल्या आर्थिक उत्पादनाचं नुकसान 11 अब्ज डॉलर धरलं, त्यांतले 3 अब्ज कायमचे गेलेले. 15 फेब्रुवारीला ट्रम्प यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून उरलेल्या पैशांसाठी दुसरीकडच्या मंजुऱ्या वळवल्या.

कर्मचाऱ्यांना मागचा पगार देण्याची हमी 2019 मध्ये कायद्यानं आली. सरकारी इमारतींत झाडलोट करणाऱ्या, कँटीन चालवणाऱ्या कंत्राटी कामगारांना ती लागू नव्हती. त्यांचे ते दिवस बुडाले ते बुडालेच.

आणि त्या काळात स्थलांतराच्या व्यवस्थेत थांबलं काय? न्यायालयं. स्थलांतर न्यायालयं न्याय खात्याखाली येतात आणि त्या खात्याला मंजुरी नव्हती. अटकेतल्या माणसांच्या सुनावण्या चालू राहिल्या, बाहेर असलेल्यांच्या हजारो सुनावण्या रद्द झाल्या. तुंबलेली प्रकरणं आधीच 8 लाखांच्या वर होती. म्हणजे पकडणारा हात चालू आणि तारखेची वाट पाहणारा माणूस पुन्हा रांगेच्या शेवटी. या भांडणातला सगळ्यात अन्यायाचा भाग हाच आहे.

हा तिढा 2025 पासून आणखी घट्ट झाला. 4 जुलै 2025 ला सही झालेल्या मोठ्या कर-खर्च कायद्यानं 'आईस'ला सुमारे 75 अब्ज डॉलर दिले, त्यांतले 45 अब्ज कोठडीच्या जागांसाठी. 'आईस'चं नेहमीचं वार्षिक अंदाजपत्रक 10 अब्जांच्या आसपास असतं. हा पैसा 2029 च्या सप्टेंबरपर्यंत वापरता येतो. अंदाजपत्रकाच्या ज्या खास मार्गानं तो मंजूर झाला, तिथे 60 मतं लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. सिनेटमध्ये 50-50 अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष जे. डी. व्हॅन्स यांच्या निर्णायक मतानं तो निघाला. त्यामुळे त्या वर्षी 1 ऑक्टोबरपासून आरोग्यविम्याच्या अनुदानावरून 43 दिवसांची कामबंदी झाली, तेव्हा कारवाईच्या अधिकाऱ्यांचा पगार या वेगळ्या पैशातून होऊ शकला, विमानतळावरच्या तपासनिसांचा नाही.

जानेवारी 2026 मध्ये मिनिआपोलिस शहरात स्थलांतर कारवाईवरच्या केंद्रीय अधिकाऱ्यांच्या गोळीबारात दोन जण मेल्यावर डेमोक्रॅट सिनेटरांनी गृहसुरक्षा खात्याचा निधी अडवला. मागण्या होत्या तोंडावरचे मुखवटे काढा, अंगावर कॅमेरे लावा, घरात शिरायला न्यायाधीशाचं वॉरंट आणा. मागण्या पैशाच्या नव्हत्या, वागणुकीच्या होत्या. त्यासाठी हातात असलेलं हत्यार मात्र वार्षिक निधीचंच होतं, आणि कारवाईचा पैसा आधीच दुसऱ्या नळातून येत होता.

नळाची ही गोष्ट आपल्या मुलांच्या कामाचीही आहे. कागद कुठे अडेल हे पाहायचं असेल तर त्या कार्यालयाचा पैसा कुठून येतो ते पाहायचं. एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व यांचे अर्ज पाहणारी संस्था मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालते, म्हणून कामबंदीतही तिचं काम चालतं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीचं व्हिसाचं कामही शुल्कावरच चालतं. पण एच-वन-बीच्या अर्जाआधी कामगार खात्याकडून पगाराच्या अटींचा दाखला लागतो, ज्याला सगळे एल-सी-ए म्हणतात, आणि ते खातं वार्षिक मंजुरीवर चालतं. 2018-19 मध्ये त्या खात्याचं विधेयक आधीच झालं होतं, म्हणून काही बिघडलं नाही. 2025 मध्ये 1 ऑक्टोबरला ती खिडकी बंद झाली, ती महिनाअखेरीस उघडली. एरवी हा दाखला 7 कामाच्या दिवसांत मिळतो आणि नोकरीच्या तारखेच्या 6 महिने आधीपासून मागता येतो. एच-वन-बीची मुदतवाढ जवळ आली असेल तर सप्टेंबर उजाडायच्या आत कंपनीला अर्ज करायला सांगा.

जास्त हाल होतात ते नुकतीच नोकरी गेलेल्यांचे. नवी नोकरी शोधायला फार तर 60 दिवस मिळतात आणि ते दिवस कामबंदीत थांबत नाहीत. दाखल्याअभावी नव्या कंपनीचा अर्ज अडकला, तर उशीर माफ होऊ शकतो, पण तो अधिकाऱ्याच्या विवेकावर. म्हणून उशिराचं कारण कामबंदीच होतं हे दाखवणारे सगळे ईमेल तारखांसह जपून ठेवा.

नोकरदाराची पात्रता तपासणारी ई-व्हेरिफाय यंत्रणाही कामबंदीत बंद पडू शकते. तरी कंपनीनं रुजू झाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत याच पात्रतेचा आय-नाइन फॉर्म पुरा करायचाच असतो. यंत्रणा बंद आहे म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही. विज्ञान-तंत्रज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करण्याची परवानगी, वाढवायची असेल तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेली हवी, म्हणून ती चौकशी नोकरी स्वीकारण्याआधीच करावी.

आणि ज्यांचं प्रकरण स्थलांतर न्यायालयात आहे त्यांच्यासाठी. 2018-19 मध्ये सुनावण्या रद्द झाल्या, म्हणून पुढच्या वेळीही होतीलच असं नाही. न्यायालयाच्या स्वयंचलित फोनसेवेवर किंवा संकेतस्थळावर आपला नऊ अंकी ए-नंबर, म्हणजे स्थलांतर खात्यानं दिलेला नोंदणी क्रमांक, टाकला की तारीख दिसते. ती आदल्या संध्याकाळी पाहा आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा. तारीख तशीच दिसत असेल तर बातम्यांत काहीही म्हणोत, न्यायालयात जायचं. गैरहजर राहिलेल्या माणसाला त्याच्या माघारी हद्दपारीचा आदेश होऊ शकतो.