आवाज नेमका कुठं फाटतो?

माझे वडील व्हॉल्व्हचे, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्यांचे, रेडिओ दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली असे, 'आवाज फाटतोय हो.' मग वडील मागचा पुठ्ठा काढायचे, एखादा व्हॉल्व्ह बदलायचे आणि फाटका आवाज शिवून द्यायचे. मी नेमकं उलटं करतो. माझ्याकडे मुलं गिटारचे ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, घेऊन येतात आणि म्हणतात, 'काका, अजून जरा फाडून द्या.' वडील असते तर त्यांनी दुकानाची किल्ली काढून घेतली असती.

व्हॉल्व्हचा ॲम्प घ्यायचा असेल तर कंपनी कुठली, वॅट किती, तो कोण वापरतं, हे सगळं नंतर बघा. आधी एवढंच विचारा, याच्यात आवाज फाटतो कुठं? पुढच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे प्रीॲम्पमध्ये? तिथं बहुतेक वेळा ईसीसी८३ असतो, अमेरिकन लोक त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. की मागच्या मोठ्या पॉवर व्हॉल्व्हमध्ये? ते ईएल३४, ६एल६ नाहीतर ईएल८४. थोडाफार स्पीकरचा कागदही फाटण्यात हातभार लावतो. खरेदीचा बाकी गोंधळ या एका प्रश्नाने निम्मा होतो.

पण मुळात फाटलेलं गोड का लागतं? तंबोऱ्याची जवारी बघा. घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की एका तारेतून स्वरांचा अख्खा पुंजका उठतो, आणि त्यात न छेडलेला गंधारही ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. व्हॉल्व्हमध्येही असंच काहीसं होतं. सिग्नल मावेनासा झाला की लाटेचे शेंडे चेपले जातात आणि त्या चेपण्यातून वरचे स्वर जन्मतात. म्हणून तर हेवी मेटल वाजवणारे गिटारवाले अख्खा मेजर कॉर्ड (सा, ग, प एकत्र) टाळतात. गिटारच्या फ्रेटवरचा (दांड्यावरच्या पट्ट्यांनी ठरवलेला) गंधार स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. स्वच्छ आवाजात ते खपून जातं, पण आवाज फाटला की दोघं भांडायला लागतात. म्हणून नुसते सा आणि प वाजवायचे. ते दोन एकत्र फाटले की त्यांच्या फरकातून खालचा खर्जाचा सा आपोआप उभा राहतो. दोन बोटांत एवढा मोठा आवाज कुठून येतो, तर इथून.

आता जरा विलायतेत जाऊ. १९६२च्या सुमारास लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. गिटारवाली पोरंही तिथं जमायची. फेंडर कंपनीचे ॲम्प अमेरिकेहून यायचे, म्हणजे महाग. मग दुकानातल्या केन ब्रॅन आणि मंडळींनी फेंडरच्या बासमन या ॲम्पचंच सर्किट उचललं आणि तिकडे मिळणारे भाग घातले. पहिल्या जागी जास्त गेन देणारा, म्हणजे सिग्नल जास्त वाढवणारा, ईसीसी८३ आला. उघड्या पाठीच्या पेटीऐवजी बारा इंची चार स्पीकरांची बंद पेटी आली. बासमन स्वच्छ आवाजासाठी केलेला, त्याचा हा विलायती भाऊ लवकर फाटू लागला. पुढे १९६५मध्ये 'द हू' या रॉक बँडच्या गिटारवादक पीट टाउनशेंडला अजून मोठा आवाज हवा होता, त्यातून शंभर वॅटचे ॲम्प आले. का हवा होता? कारण तेव्हा गिटारपुढे माइक ठेवून हॉलभर आवाज पोचवायची पद्धत रुळलेली नव्हती. जो काय आवाज तो ॲम्पमधूनच. आज कॅबसमोर, म्हणजे स्पीकरच्या पेटीसमोर, माइक असतो. तरी लोक शंभर वॅटच मागतात.

त्या जुन्या मार्शल ॲम्पची गंमत पॉवर व्हॉल्व्हमध्ये आहे. नॉब पूर्ण फिरवल्याशिवाय ती येत नाही, आणि पूर्ण फिरवला की खिडकीच्या काचा बोलतात. १९७५च्या सुमारास मार्शलने मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे शेवटचा आवाज ठरवणारा वेगळा नॉब, दिला, तोच ॲम्प १९८१पासून जेसीएम८०० म्हणून गाजला. मास्टर आल्यावर पुढचे व्हॉल्व्ह मनसोक्त फाडा आणि मागचा आवाज बारीक ठेवा, हे शक्य झालं. मेटलची खरी वाट इथून सुटते. मेसा बुगी कंपनीचे ॲम्प, १९९२मध्ये आलेला पीव्ही कंपनीचा ५१५० (पुढे तो ६५०५ नावाने आला), या सगळ्यांत प्रीॲम्पमध्ये एकामागोमाग एक पायऱ्या लावल्यात. फाटण्याचं बहुतेक काम तिथंच उरकतं.

म्हणजे फ्लॅटमध्ये राहून मेटल वाजवणाऱ्याचं काम सोपं आहे. त्याने चांगला प्रीॲम्प आणि चांगला मास्टर बघावा. अडचण सत्तरच्या दशकातल्या रॉकवाल्याची. त्याला मागचे व्हॉल्व्ह तापवायचेत आणि खालच्या मजल्यावर सेक्रेटरी राहतात. त्याने पाच नाहीतर पंधरा वॅटचा घ्यावा, किंवा ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये आवाज कमी करणारा ॲटेन्युएटर लावावा. आणि वॅटांना भुलू नका. पन्नास वॅट आणि शंभर वॅट यांत फक्त तीन डेसिबलचा फरक. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. सेलेशनचा व्हिंटेज ३० हा स्पीकर एका वॅटला, एका मीटरवर, १०० डेसिबल देतो. एका वॅटला! शंभर वॅटच्या हेडखाली (स्पीकर नसलेल्या ॲम्पखाली) चार स्पीकरांची कॅब घेतलीत, तर तिचं पस्तीस किलोच्या आसपासचं वजन लिफ्ट नसलेल्या इमारतीत कोण चढवणार, तेही ठरवून ठेवा.

आता हे ऐका. हा माझा अठरा वॅटचा, दोन ईएल८४वाला. मास्टर तीनवर, गेन पूर्ण. हाताची कड ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या घोडीवर, टेकवून जाड तार वाजवतो. ऐकलंत? ओल्या गादीवर काठी मारल्यासारखं. गेन अजून वाढवता आला असता तरी उपयोग नव्हता, अजून गाळ झाला असता. आता गिटार आणि ॲम्पच्या मध्ये ट्यूब स्क्रीमर नावाचं पॅडल लावतो. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण. पुन्हा तीच तार. कुऱ्हाड लाकडात बसल्यासारखी बसली ना? पॅडलने डिस्टॉर्शन जवळजवळ दिलंच नाही. त्याने फाटायच्या आधी खर्ज गाळला. हे सूत्र पक्कं करा, खर्ज फाटण्याआधी कापायचा आणि हवा असेल तर फाटल्यानंतर वाढवायचा. मेसाच्या मार्क मालिकेत टोनचे नॉब गेनच्या आधी आणि पाच पट्ट्यांचा इक्वलायझर नंतर असतो, तो यासाठीच.

व्हॉल्व्हभक्तांना राग येईल, पण पँटेरा या मेटल बँडच्या गिटारवादक डाइमबॅग डॅरेलचा तो करवतीसारखा आवाज रँडल कंपनीच्या ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्पचा होता. तेव्हा मेटलला व्हॉल्व्हच हवा असं काही नाही. मला व्हॉल्व्ह आवडतो तो बोटांना जाणवतो म्हणून. गिटारवरचा व्हॉल्यूम उतरवला की आवाज फाटायचा थांबतो.

आता विजेचं. अमेरिकेहून आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. प्लगचा ॲडॅप्टर पिना बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. एक मुलगा दादाने पाठवलेला ॲम्प तसाच लावून माझ्याकडे आला होता. फ्यूज उडाला म्हणून ॲम्प वाचला, आणि पुढच्या वेळी उडू नये म्हणून त्याने फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळला होता. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर ऐसपैस घ्या. शंभर वॅटचा ॲम्प भिंतीतून शंभराहून बरंच जास्त ओढतो, कारण व्हॉल्व्हची शेगडी सतत पेटलेली असते. घरात अर्थिंग खरंच आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या, नुसतं तीन भोकं मोजू नका. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालू करायचा नाही, त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. माझा एक जळलाय, माझ्याच हाताने. आणि मागचं झाकण उघडून आत बोट घालू नका. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चारशे-चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात.

व्हॉल्व्ह आता छान तापलेत. ज्यांनी गिटार आणलीय त्यांनी पुढे या, एकेक जण. केबल एकच आहे, आणि तिला मधे कुठंतरी लूज कॉन्टॅक्ट आहे, तेवढं सांभाळा.