कुत्रे कोसळतात तेव्हा

[दृश्य: प्रयोगशाळेतलं जुनं चित्रण. डॉबरमन, समोर खाण्याची ताटली]

ताटली पुढे सरकते. कुत्रा शेपूट हलवत येतो, पहिला घास तोंडात घेतो, आणि मागचे पाय दुमडतात. मग पुढचे. आता तो आडवा झालाय. पण डोळे बघा. उघडे आहेत, समोरच्या माणसाकडे वळताहेत. हा कुत्रा झोपलेला नाही, बेशुद्धही नाही. थोड्या वेळानं उठेल, पुन्हा ताटलीकडे जाईल, पुन्हा पडेल.

हे कुत्रे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले. १९७०च्या दशकात झोपेचे अभ्यासक विल्यम डिमेंट यांनी ते जमवायला सुरुवात केली. आजार नार्कोलेप्सी, म्हणजे भर दिवसाही अनावर झोप येण्याचा, आणि ही कोसळण्याची तऱ्हा म्हणजे कॅटाप्लेक्सी. कुत्र्याला खाणं किंवा खेळ पुरतो. माणसाला बहुतेक वेळा हसू. विनोद ऐकला आणि गुडघ्यांतलं बळच गेलं, हे सांगितलं तर ऐकणारा आणखी हसतो. तिथेच सगळा घोळ आहे.

डॉबरमनांच्या पैदाशीतून एक गोष्ट पक्की झाली: दोष एकाच जनुकात आहे, आणि तो आई-बाप दोघांकडून आला तरच पिल्लू आजारी. फ्रान्सहून आलेले इमॅन्युएल मिन्यो त्या जनुकाच्या मागे लागले. कुत्र्याच्या जनुकांचा नकाशा तेव्हा तयार नव्हता, त्यामुळे एकेक तुकडा चाचपत जायचं. वर्षं गेली. १९९९मध्ये जनुक हाती आलं. ओरेक्सिन नावाचं मेंदूतलं रसायन पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं, तो रिसेप्टरच या कुत्र्यांत बिघडलेला होता.

[दृश्य: इन्फ्रारेड कॅमेरा, पिंजऱ्यातले उंदीर]

ओरेक्सिन सापडलं होतं आदल्याच वर्षी, दोन वेगळ्या गटांना. डॅलसमध्ये मासाशी यानागिसावांच्या गटाला ते भुकेचं रसायन वाटलं. म्हणून त्यांनी ओरेक्सिन नसलेले उंदीर तयार केले. उंदरांचा वावर रात्रीचा, तेव्हा कॅमेराही रात्रीचा लावला. पळता पळता हा उंदीर कसा कलंडला, पाहिलंत?

[दृश्य: मेंदूचं अ‍ॅनिमेशन]

ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागात, माणसात साधारण पन्नास ते ऐंशी हजार. तिथून धागे निघतात ते जागं ठेवणारी इतर रसायनं बनवणाऱ्या केंद्रांकडे: नॉरअ‍ॅड्रेनलिन, हिस्टॅमिन, डोपामिन. मेंदूच्या देठातला हा निळसर ठिपका नॉरअ‍ॅड्रेनलिनचा. तो मंदावला की पेंग येते, बेताचा चालला की लक्ष लागतं, फार चेकाळला की मन एका जागी ठरत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये जेरोम सीगल यांच्या गटानं अशाच कुत्र्यांच्या मेंदूत बारीक तारा बसवून पेशींचे ठोके ऐकले. कुत्रा कोसळला की नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या पेशी गप्प. हिस्टॅमिनच्या मात्र चालूच. म्हणून अंग पडतं आणि भान राहतं. जागेपणाचं एकच बटण असतं, ही समजूत इथे मोडते. (सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी डोळे मिटायला लागतात, त्यामागेही हेच हिस्टॅमिन. गोळी मेंदूतही त्याला अडवते.)

[दृश्य: स्लीप लॅब, रुग्णाच्या डोक्याला तारा लावताना]

२०००मध्ये मृत रुग्णांचे मेंदू तपासले गेले. माणसात रिसेप्टर शाबूत होता. ओरेक्सिनच्या पेशीच जवळपास नाहीशा झालेल्या. बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं त्या मारलेल्या.

म्हणजे ज्याला वर्गात कुंभकर्ण म्हणून उभं करतात, त्याच्या मेंदूत एक रसायनच उरलेलं नसतं. निदानाला वर्षं लागतात. तोवर शाळा, नोकरी, लग्न, सगळ्यावर आळशीपणाचा शिक्का.

[दृश्य: औषधांची पाकिटं]

२०१४मध्ये अमेरिकेत निद्रानाशावर ओरेक्सिन अडवणारी गोळी मंजूर झाली. ज्यांना झोप येत नाही, त्यांची सोय आधी झाली. नार्कोलेप्सीच्या रुग्णांसाठी तोच रिसेप्टर चालू करणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्या माणसांवर झाल्या, त्या बऱ्याच नंतर.