हवा बदलली, तार तीच

(दृश्य: टेबलावर दोन अँटेनांचा निळा-काळा राउटर. शेजारी विंडोज ९८चा लॅपटॉप सुरू होतोय.)

हा राउटर बिघडलेला नाही. दिवे लागतात, चारही पोर्ट चालतात. घरात नवा आला, म्हणून हा कपाटाच्या तळाशी गेला. शेजारचा लॅपटॉपही तसाच, धडधाकट, पण वर्षानुवर्षं कुणाशी न बोललेला. या दोघांना आज एकमेकांची गरज आहे.

लॅपटॉपची अडचण आधी पाहू. १९९९मध्ये ८०२.११बी हे वायफायचं मानक आलं, वेग ११ मेगाबिट. त्या पिढीच्या कार्डांना पासवर्डचं एकच कुलूप ठाऊक होतं, वेप. त्यातली खोट २००१मध्येच संशोधकांनी दाखवून दिली. २००७मध्ये ते मिनिटभरात उघडू लागलं. दरम्यान नवी कुलुपं येत गेली: आधी डब्ल्यूपीए, मग डब्ल्यूपीए२, आणि २०१८मध्ये डब्ल्यूपीए३. जुन्या कार्डाला यातलं बहुधा काहीच कळत नाही. त्यात बरेच नवे राउटर बी-मानकाचे मंद वेग बंदच ठेवतात. लॅपटॉप हाका मारतो आणि ओ द्यायला कुणी नसतं.

(दृश्य: लॅपटॉपची मागची बाजू. नेटवर्कची केबल ‘खट्’ करून बसते.)

आता हा पोर्ट बघा. यातून चालणारं टेनबेस-टी इथरनेट, म्हणजे तारेचं मानक, १९९०चं, आणि त्यावरून धावणारा आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांचा नियम, तर १९८१चा. दोन्ही आजही चालू आहेत. हवेतली भाषा दर काही वर्षांनी बदलत गेली, तारेतली मात्र टिकली. जुन्या राउटरचं खरं मोल इथे आहे, असं आम्हांला मनापासून वाटतं: त्याला दोन्ही भाषा येतात.

राउटर एरवी वायफाय वाटतो. इथे त्याला वायफाय घ्यायला लावायचं. याला क्लायंट मोड म्हणतात. हवेतून तो नव्या राउटरशी डब्ल्यूपीए२ने बोलतो आणि मागच्या चार पोर्टांतून तेच नेटवर्क साध्या तारेने देतो. लॅपटॉपला यात वायफायचा ड्रायव्हर लागत नाही, पासवर्ड लागत नाही. त्याला दिसते फक्त एक केबल.

कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, ही सोय बहुधा नसते. ती कुठून आली, ती गोष्ट थोडं थांबून सांगण्यासारखी आहे. डिसेंबर २००२मध्ये लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आला. आत १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ मेगाबाइट रॅम, ४ मेगाबाइट फ्लॅश. उत्साही मंडळींनी फर्मवेअर उलगडलं, तर आत लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम निघाली! लिनक्सचा परवाना सांगतो की वस्तू विकलीत तर सोर्स कोडही द्या. २००३मध्ये तो कोड खुला झाला, आणि २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर सुरू झालं. क्लायंट मोडची सोय अशा फर्मवेअरमधून मिळते. नंतर कंपनीने मेमरी निम्मी करून लिनक्स काढलं, तेव्हा लिनक्सवाल्यांसाठी जीएल हे वेगळं मॉडेलही विकलं. हा डबा म्हणजे एक छोटा संगणकच आहे, हे तेव्हापासून सगळ्यांना कळलं.

(दृश्य: विंडोज ९८वर नेटवर्कचा पत्ता दाखवणारी ‘विनआयपीसीएफजी’ची खिडकी. शून्यांच्या जागी पत्ता उमटतो.)

पत्ता मिळाला. चारपैकी दुसऱ्या पोर्टला रोजचा संगणक जोडला की फायली एफटीपीने, म्हणजे फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीने, येऊ लागतात. तीस मेगाबाइटचा प्रोग्राम १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपींवर न्यायचा तर एकवीस फ्लॉपी लागतात, आणि विसावी खराब निघाली की पुन्हा पहिल्यापासून. दहा मेगाबिटच्या तारेवर तेच काम मिनिटा-दोन मिनिटांत होतं.

वेब ब्राउझिंगची आशा मात्र धरू नका. आजच्या साइट्सचं एन्क्रिप्शन जुन्या ब्राउझरला येत नाही, आणि १६ मेगाबाइट रॅममध्ये राउटरकडून ते काम करून घेणंही अवघड.

एका गोष्टीवर आम्ही ठाम आहोत. जुना राउटर मध्ये आला म्हणजे घर सुरक्षित झालं, असं धरून चालू नका. बाहेरून आत येणाऱ्याला तो अडवतो. आतला लॅपटॉप मात्र त्याच्यामागून घरच्या सगळ्या उपकरणांपर्यंत सहज पोचतो, आणि विंडोज ९८ला सुरक्षा अपडेट मिळणं २००६मध्येच थांबलं आहे. म्हणून क्लायंट मोडचा हा राउटर नव्या राउटरच्या गेस्ट नेटवर्कलाच, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कलाच, जोडायचा. गेस्टमधून मुख्य नेटवर्क दिसत नाही ना, हे एकदा स्वतः तपासायचं. जुन्या राउटरने स्वतःचं वायफाय वाटणं बंद ठेवायचं. काम संपलं की प्लग काढायचा.

(दृश्य: राउटर उघडलेला. सर्किट बोर्डवरची पिनांची ओळ जवळून.)

ज्या संगणकात नेटवर्क कार्डच नाही, त्याच्यासाठी ही ओळ आहे. हा सिरियल पोर्ट, ३.३ व्होल्टचा. संगणकाचा जुना सिरियल पोर्ट, आरएस-२३२, अधिक-उणे बारा व्होल्ट देऊ शकतो, त्यामुळे थेट जोडलं तर बोर्ड जळू शकतो. मध्ये व्होल्टेज जुळवून देणारी मॅक्स३२३२सारखी चिप हवीच. मग राउटरवर मोडेमची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम चालवायचा. १९८१च्या हेज मोडेमपासून चालत आलेल्या एटी आज्ञा त्याला समजतात.

(दृश्य: डॉसचा काळा पडदा.)

‘एटीडीटी’ टाइप करायचं आणि पुढे फोन नंबराच्या जागी सर्व्हरचा पत्ता. एंटर. राउटरचा दिवा लुकलुकतो, आणि पडद्यावर एकच शब्द येतो: ‘कनेक्ट’.