विकायच्या घराची बाग

मंडळी, घर विकायचं ठरलं की सगळ्यात आधी रंगारी येतो. भिंती रंगतात, गळके नळ बदलले जातात, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल मिळतं. बागेची आठवण होते ती जाहिरात द्यायच्या आदल्या आठवड्यात, आणि तीही रोपवाटिकेतून फुललेल्या कुंड्या आणून पायऱ्यांवर मांडण्यापुरती. बागा आखणं आणि बिघडलेल्या बागा मार्गी लावणं हा माझा व्यवसाय. या कामात घर विकणाऱ्यांशी आणि घेणाऱ्यांशी सतत गाठ पडते, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. चांगल्या बागेमुळे घराला भाव जास्त येतो हे खरं. पण गिऱ्हाईक फुलांसाठी पैसे मोजत नाही. या घराची कुणीतरी वर्षानुवर्षं निगा राखली आहे, हा भरवसा त्याला बागेत मिळतो, आणि किंमत येते ती त्या भरवशाला.

आधी आकड्यांचं बोलून घेऊ. घराच्या किमतीत बागेचा वाटा किती, हे मोजायचं कसं? घर तर एकाच रकमेला विकलं जातं. खोल्यांचे इतके, बागेचे इतके, असं कुणी लिहून देत नाही. शर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने 1974 मध्ये याची सैद्धांतिक मांडणी केली. वस्तूची किंमत म्हणजे तिच्या एकेका गुणाला लोक देत असलेल्या किमतींची बेरीज. मग शेकडो विक्रीव्यवहार घ्यायचे, क्षेत्रफळ, वय, खोल्या, परिसर यांचा हिशेब आधी वेगळा काढायचा, आणि झाडं असलेल्या व नसलेल्या घरांत काय फरक उरतो ते पाहायचं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स शहरात अँडरसन आणि कॉर्डेल यांनी 844 घरांच्या विक्रीचा असा अभ्यास केला. तो 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. झाडं असलेल्या घरांना 3.5 ते 4.5 टक्के जास्त किंमत मिळालेली दिसली. पुढे 2010 मध्ये डोनोव्हन आणि बट्री यांनी अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहरातल्या घरांसमोरच्या, रस्त्याकडेच्या झाडांचा अभ्यास केला. तिथे किंमत तर वाढलेली होतीच, शिवाय अशी घरं सरासरी 1.7 दिवस लवकर विकली गेली होती. आणि एका घरासमोरच्या झाडाचा फायदा शेजारच्या घरांनाही मिळत होता, हे मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं.

हे आकडे त्या त्या शहरांचे आहेत. ते उचलून आपल्या घराला लावू नका. दिशा मात्र पुन्हा पुन्हा तीच दिसते, आणि 2005 मधल्या आणखी एका अभ्यासातून तिचं कारणही थोडं कळतं. ब्रिजेट बेही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात ठिकाणच्या लोकांना एकाच घराची वेगवेगळ्या बागांसह छायाचित्रं दाखवली आणि घराची किंमत काय वाटते ते विचारलं. चांगल्या बागेमुळे लोकांना घर 5 ते 11 टक्के जास्त मोलाचं वाटलं. यात सगळ्यात जास्त वजन पडलं आखणीला, त्याखालोखाल झाडांच्या आकाराला, आणि सगळ्यात कमी कुठल्या प्रकारची झाडं लावली आहेत याला. म्हणजे दुर्मीळ, महागडी रोपं आणून किंमत वाढत नाही. साधीच झाडं, पण विचारपूर्वक लावलेली आणि वाढू दिलेली, जास्त काम करतात.

आता गिऱ्हाइकाच्या नजरेने बघा. ते फाटकापाशी थांबतं. एजंट कुलूप काढेपर्यंत त्याला दुसरं काही करायला नसतं, म्हणून ते बघत राहतं. हिरवळीची कड पायवाटेवर पसरली आहे की सरळ कापलेली आहे? फरश्यांच्या सांध्यांत गवत उगवलंय का? कोपऱ्यात फुटक्या कुंड्या आणि उरलेल्या विटा रचून ठेवल्यात का? कुंपणाची झुडपं एकसारखी आहेत की मधली दोन वाळून तिथे खिंडारं पडलीत? यातलं काहीही दुरुस्त करायला फारसा खर्च येत नाही. पण बघणारा मनात पुढचा हिशेब मांडतो: जे समोर दिसतं तेच यांनी केलेलं नाही, मग न दिसणारी वायरिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, जमिनीखालचे पाइप यांचं काय केलं असेल? घासाघीस तिथून सुरू होते. तो कमी आकडा सांगतो तो वाढलेल्या गवतापायी नव्हे. मनात आलेल्या शंकेपायी.

म्हणून कडांवर माझा फार भर असतो. धारदार फावड्याने हिरवळीची कड सरळ उभी कापली आणि वाफ्याकडच्या बाजूला चार बोटं खोल चर ठेवला, की तीच बाग एका दुपारीत वेगळी दिसते. गवत कापताना एका वेळी त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. फार खोलवर कापलेलं गवत पिवळं पडतं आणि मोकळ्या जागेत तण शिरतं. यंत्राचं पातं बोथट असेल तर गवत कापलं जात नाही, फाटतं. जवळ बसून पाहिलंत तर गवताच्या प्रत्येक पात्याचं टोक चिंधीसारखं विस्कटलेलं दिसेल. दोन दिवसांत ती टोकं वाळून पांढुरकी होतात आणि लांबून सगळी हिरवळच आजारी वाटते. लोक मग खत घालतात, पाणी वाढवतात. यंत्राच्या पात्याला धार लावली की काम होतं.

पाण्याविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण बागेमुळे घराची किंमत पडते ती बहुतेक पाण्यापायीच. वर्षानुवर्षं वाफ्यांत माती आणि कंपोस्ट टाकत गेलं की भिंतीलगतचा वाफा हळूहळू उंच होतो. एक दिवस त्याची माती जोत्याच्या वर चढते आणि ओल भिंतीत शिरते. आतल्या खोलीत रंगाचे पापुद्रे सुटतात, मालक पुन्हा रंग देतो, पापुद्रे पुन्हा सुटतात. खरं काम बाहेर आहे. वाफ्यातली माती खाली उतरवायची आणि जमिनीला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. भिंतीपासूनच्या पहिल्या 3 मीटरमध्ये साधारण 15 सेंटीमीटर उतार पुरतो. छपराचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपचं तोंडही बघा. ते भिंतीच्या पायथ्याशीच उघडत असेल तर तिथे खड्डा पडलेला असतो आणि प्रत्येक पावसात चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडालेले असतात. जाणकार खरेदीदार आधी तिथेच वाकून बघतो. पाणी घरापासून लांब, एखाद्या खोलगट वाफ्यात किंवा चरात सोडलं की भिंतही वाचते आणि झाडांनाही ते मिळतं.

याच कारणासाठी मोठी झाडं भिंतीला चिकटून नकोत. चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मोठं झाड उन्हाळ्यात त्या मातीतलं पाणी ओढून घेतं, पायाखालची जमीन खचते आणि भिंतीला तडा जातो. खरेदीदाराबरोबर येणारा अभियंता तडा पाहिला की लगेच मागे झाड शोधतो. पण म्हणून घाबरून घराजवळचं मोठं झाड एका रात्रीत तोडू नका. त्या मातीत मुरणारं पाणी ओढून घेणारं आता कुणी नसतं, माती फुगते आणि पाया वर उचलला जातो. असं झाड असेल तर आधी जाणकाराला दाखवा.

बागेतली सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे वाढलेलं झाड, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पायवाट महिन्याभरात होते, हिरवळ एका हंगामात येते. वीस वर्षांचं झाड मात्र वीस वर्षांनीच मिळतं. आणि घर विकायच्या तोंडावर लोक नेमकं त्याच झाडाचं नुकसान करतात. 'जरा आटोपशीर दिसू दे' म्हणून शेंडा उडवतात, फांद्या मध्येच कापतात. अशा कापाखाली दाटीने नवे फुटवे येतात, त्यांची खोडावर पकड कच्ची असते, कापलेला भाग कुजतो, आणि काही वर्षांत तेच फुटवे वाऱ्यात मोडून खाली येतात. अमेरिकेच्या वनसेवेतले ॲलेक्स शिगो यांनी अक्षरशः हजारो झाडं चिरून पाहिली आणि 1970 च्या दशकात दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही. जखमेभोवती भिंत उभी करून कुजणं तिथल्या तिथे अडवतं. फांदीच्या बुडाशी जो किंचित फुगीर गळा असतो, तिथे ही ताकद जास्त असते. छाटताना तो गळा शाबूत ठेवून, त्याच्या जरा बाहेर कापायचं. खोडाला घासून कापू नका आणि लांब खुंटही ठेवू नका.

खोडाभोवती आच्छादन घालतानाही जपा. पालापाचोळ्याचा किंवा सालींचा 5 ते 7 सेंटीमीटरचा थर ओल टिकवतो, तण दाबतो आणि वाफा लगेच देखणा करतो. पण तो खोडाला टेकलेला नसावा. खोडाभोवती ढीग रचला की साल सतत ओली राहून कुजते. तळहात सहज फिरेल एवढी मोकळी जागा खोडाभोवती सोडा.

आखणीचं एक सूत्र सांगतो. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी 1975 मध्ये असं मांडलं की जिथून दूरवर दिसतं आणि तरी आपण स्वतः आडोशाला असतो, अशी जागा माणसाला मुळातच आवडते. बागेत याचा उपयोग सरळ आहे. बाक हिरवळीच्या मधोमध ठेवला तर तिथे कुणी बसत नाही. तोच बाक भिंतीला किंवा दाट झुडपांना पाठ लावून, झाडाच्या सावलीत, तोंड मोकळ्या जागेकडे करून ठेवा. घर बघायला आलेली माणसं आपणहून तिथे टेकतात. आणि टेकली, की बोलणं 'हे घर कसं आहे' वरून 'आपण इथे काय करू' वर जातं. एजंटाने दहा वेळा सांगूनही जे घडत नाही ते एका नीट ठेवलेल्या बाकामुळे घडतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बाग फार कामाची दिसली तर किंमत वाढत नाही, उलट गिऱ्हाईक दचकतं. कारंजी, खोल तळं, आठवड्याला कातरावी लागणारी नक्षीदार झुडपं, शंभर कुंड्या हे सगळं तुमच्या आवडीचं असेल, पण नव्या माणसाला त्यात आपले रविवार जाताना दिसतात. विकण्याआधी अशी बाग थोडी सोपी करावी. कुंड्यांतली निवडक रोपं जमिनीत घ्यावीत, बारीकसारीक वाफे एकत्र करावेत, ठिबकच्या नळ्या टाकून पाण्याची सोय लावून द्यावी. पसरणाऱ्या झाडांकडे तर फार लक्ष द्या. ब्रिटनमध्ये जपानी नॉटवीड या तणाचा एवढा धसका आहे की घर विकणाऱ्याला भराव्या लागणाऱ्या नेहमीच्या माहितीपत्रकातच त्याबद्दल प्रश्न असतो, आणि उपचाराची हमी नसेल तर कर्जही अडू शकतं. मोकाट वाढलेला बांबूसुद्धा कुंपणाखालून शेजारी निघतो आणि सौद्याच्या वेळी शेजारीच ती गोष्ट काढतात.

मग सुरुवात कधी करायची? शक्य असेल तर वर्षभर आधी. निचरा, उतार, छाटणी ही कामं आधी उरका, म्हणजे कापलेल्या जागी नवी पालवी यायला एक हंगाम मिळतो. मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरायच्या त्याही याच वेळी. उशिरा लावलेली रोपं मान टाकलेली दिसतात आणि घाईघाईने लावल्याचं लगेच कळतं. बाग भरात असेल तेव्हा फोटो काढून ठेवा, सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात. घर भलत्याच ऋतूत विकायला निघालं तरी ते फोटो तारखेसकट दाखवता येतात. एकच महिना हाती असेल तर नवीन काही लावण्याच्या फंदात पडू नका. तण काढा, कडा कापा, वाळकं तोडा, आच्छादन घाला, अडगळ हलवा.

आणि एक वही करा. तिच्यात बागेचा साधा नकाशा, जमिनीखालचे पाइप आणि तारा कुठून गेल्यात त्याच्या खुणा, झाडांची नावं, कुठलं कधी छाटायचं, पाणी किती आणि केव्हा, एवढं लिहा. खरेदीदाराला ती पहिल्याच भेटीत दाखवा. एखादं लाडकं रोप किंवा जुना बाक बरोबर न्यायचा असेल तर तो घर दाखवायला सुरुवात करण्याआधीच हलवा आणि ती जागा भरून घ्या. गिऱ्हाइकाने जी बाग पाहिली, तीच त्याच्या ताब्यात गेली पाहिजे.