50 फुटांची गाडी, झाडांच्या मापाचा रस्ता

[दृश्य : दुपारची वेळ. दाट झाडीतून हळूहळू पुढे येणारा पिकअप ट्रक आणि त्याच्यामागे भलामोठा पांढरा ट्रेलर.]

अमेरिकेतलं टेनेसी राज्य. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान. टाउनसेंड गाव मागे टाकून, लॉरेल क्रीक रोडची वळणं घेत ही गाडी केड्स कोव्ह या दरीतल्या कॅम्पग्राउंडमध्ये, म्हणजे तंबू-ट्रेलर लावून मुक्काम करायच्या जागेत, शिरते आहे. ट्रेलर 34 फुटांचा. ट्रक धरून लांबी 50 फुटांच्या आसपास, उंची जवळजवळ 13 फूट. आत झोपायची खोली आहे, स्वयंपाकघर आहे, न्हाणीघर आहे. बाहेर मात्र जेमतेम एका गाडीपुरता एकेरी रस्ता, आणि दोन्ही अंगांना झाडं.

या प्रकारच्या ट्रेलरला फिफ्थ व्हील म्हणतात. साधा ट्रेलर गाडीच्या मागे, बंपरखालच्या हुकाला जोडतात. हा मात्र थेट ट्रकच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर बसतो. उरणकडून न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर ट्रेलर आपण पाहतो ना, त्यांचं कपलिंग याच जातीचं. वरून उतरणारी पोलादी किंगपिन आणि तिला पकडून ठेवणारी सपाट तबकडी.

भार ॲक्सलवर पडत असल्यामुळे हायवेवर हा ट्रेलर छान स्थिर चालतो. अडचण सुरू होते ती वळणावर. ट्रेलरची चाकं ट्रकच्या चाकांमागून येत नाहीत, ती आतून काटतात. ट्रक झाडाला चुकवून पुढे गेला, म्हणजे ट्रेलरही चुकवेल असं अजिबात नाही. म्हणून ड्रायव्हर ट्रक पार वळणाच्या पलीकडे नेतो आणि मगच स्टिअरिंग फिरवतो. नजर मात्र वळणाच्या आतल्या बाजूच्या आरशातून हलत नाही.

[दृश्य : रस्त्याच्या कडेला अर्धवट पुरलेले मोठे दगड. शेवाळलेले.]

एवढा अरुंद रस्ता ठेवलाच का, असं कुणालाही वाटेल. तो विचार करून ठेवलेला आहे.

1920च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या जंगलांत लोक मोटारी घेऊन येऊ लागले. जागा दिसेल तिथे गाडी लावायची, तंबू ठोकायचा. एमिलिओ माइनेके हे झाडांच्या रोगांचे तज्ज्ञ. त्यांनी पाहिलं, की कुऱ्हाड न लागताही झाडं खंगतायत. मुळांवरची माती चाकांनी आणि पावलांनी दाबून घट्ट झाली, की तिच्यात हवा आणि पाणी नीट मुरत नाही. त्यात गाडीचा धक्का लागून साल सोलली गेली, तर तिथून बुरशी आत शिरायला वाट मिळते.

माइनेके यांनी 1932 मध्ये कॅम्पग्राउंडची नवी आखणी मांडली. एकेरी रस्ता, त्याला फुटलेले गाडीपुरते छोटे फाटे, टेबलाची आणि चुलीची जागा ठरलेली, आणि चाक फाट्याबाहेर जाऊ नये म्हणून कडेला मोठाले दगड आणि ओंडके. पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, मंदीत बेकार झालेल्या तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर सुरू झाली. ती 1942 पर्यंत चालली. या मुलांच्या हातांनी देशभरातल्या उद्यानांत ही आखणी जमिनीवर उतरली. मापं होती त्या काळातल्या मोटारींची.

या दगडांवर चिडणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत. मला ते दगड मनापासून आवडतात. ते तिथे नसते, तर ही सावलीही कदाचित राहिली नसती.

[दृश्य : ट्रेलर एका फाट्यापाशी थांबतो. एक बाई वॉकीटॉकी घेऊन खाली उतरतात.]

खरं काम आता. नवरा ट्रकमध्ये, बायको खाली. दोघंही आधी जागा पायी चालून बघतात. टेबल कुठे, खोडं कुठे, आणि वर काय आहे. वर बघायला माणसं विसरतात. ट्रेलरच्या छतावर रबरासारखं पातळ आच्छादन असतं. एखादी वाळकी फांदी ते उभं फाडू शकते, आणि मागच्या कॅमेऱ्यात ती फांदी दिसतही नाही.

जागा डाव्या हाताला आहे, हे चांगलं. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे ट्रेलरची ती बाजू त्याला खिडकीतून दिसत राहते. उजवीकडची जागा असती, तर ट्रेलर वळताच ती बाजू आरशातून नाहीशी झाली असती.

तो फाट्याच्या पुढे जातो, ट्रक उजवीकडे काढून सरळ करतो. आता ट्रेलरचं बूड आपोआप फाट्याकडे कललंय. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला. रिव्हर्समध्ये हात डावीकडे सरकवला, की ट्रेलरचं बूड डावीकडे जातं. वरून धरलं, तर सगळं उलटं वाटतं आणि डोकं गोंधळतं.

“येऊ दे... येऊ दे... थांब.”

‘थांब’ म्हणजे त्या क्षणी ब्रेक. कारण नंतर विचारायचं.

ट्रेलर वळला. आता ट्रकनं त्याच्या मागोमाग आत जायचं, म्हणून स्टिअरिंग उलट फिरतं. आणि इथेच ट्रकचं नाक रस्त्याच्या पलीकडच्या ओककडे झुकतं. सगळ्यांचे डोळे मागे लागलेले असतात आणि गाडी घासते ती पुढे. बाई धावत पुढे येतात, बंपर आणि साल यांच्यामध्ये तळहात आडवा धरून बघतात. वीतभर जागा आहे.

“पुढे घे. परत लाव.”

तो पुढे घेतो. मागे दुसरी गाडी येऊन थांबलीय, आणि एकेरी रस्त्यावर तिला दुसरी वाट नाही. तरी दोघं घाई करत नाहीत, आणि हेच त्यांचं कसब. पुढे घेऊन पुन्हा लावण्यात कसला कमीपणा? कमीपणा साल सोलण्यात आहे.

या सगळ्याच्या आधीचं एक काम घरी बसून करायचं असतं. केड्स कोव्हमध्ये ट्रेलरला 35 फुटांची मर्यादा आहे. मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानात ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या डोंगरी भागात ट्रेलरसकट सगळी गाडीच 21 फुटांच्या आत हवी. बुकिंग करताना हा आकडा वाचायचा आणि खरा मानायचा. 40 फुटांचा ट्रेलर असेल, तर टाउनसेंडच्या बाजूला उद्यानाबाहेर राहावं आणि आत नुसता ट्रक घेऊन यावं.

[दृश्य : ट्रेलर जागेवर. बाई टेप घेऊन खोडापासून अंतर मोजतायत.]

ट्रेलर आत बसला, पण सोडायचा नाही अजून. त्याची एक भिंत सुमारे तीन फूट बाहेर सरकते, खोली मोठी करायला. त्या तीन फुटांत खोडाचा फुगीर भाग येतोय. ट्रक पुन्हा सुरू. हातभर पुढे. पुन्हा टेप. आता बसतंय.

चाकांना ठोकळे लागले. पुढचे पाय खाली आले. किंगपिन सुटली आणि ट्रक मोकळा झाला. केड्स कोव्हच्या दरीभोवतीच्या रस्त्याचा 11 मैलांचा फेरा बाकी आहे. तो आता नुसत्या ट्रकनं मारायचा.