वाँटेजची विद्यार्थिनी

मंडळी, पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्यापुढे दोन रमाबाई उभ्या राहतात. एक कलकत्त्याची. विशीतली मुलगी, भागवत तोंडपाठ, पंडितांच्या सभेत 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली. दुसरी केडगावची, निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनची. या दोघींच्या मधली इंग्लंडातली वर्षं आपण एका वाक्यात उरकतो: "विलायतेला गेल्या आणि ख्रिस्ती झाल्या." ज्यांना राग यायचा त्यांना या वाक्याचा राग येतो, ज्यांना अभिमान वाटायचा त्यांना अभिमान वाटतो. पण ती बाई तिथे शिकायला गेली होती, विद्यार्थिनी होती, हे दोघांच्याही लक्षात राहत नाही. आज मी तिच्या शिकण्याबद्दल बोलणार आहे.

का गेली, ते आधी पाहू. १८८२ साली पुण्यात हंटर कमिशनपुढे, म्हणजे सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, रमाबाईंनी साक्ष दिली. आपल्या बायकांना शिकवायला शिक्षिका हव्यात आणि तपासायला बाईच डॉक्टर हवी, पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा त्या मरण पत्करतात, असं त्यांनी तिथे ठासून सांगितलं. आता अशी डॉक्टर कुठून यायची? मग आपणच का होऊ नये! त्या वर्षी फेब्रुवारीत नवरा, बिपिनबिहारी मेधावी, पटकीनं गेला होता. पदरात मनोरमा, वर्षाचीही पुरती नव्हती. आईवडील दुष्काळात गेले, भाऊही गेला. माहेर नाही, सासर नाही. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, ते विकून वाटखर्चाचे पैसे उभे केले आणि १८८३च्या एप्रिलमध्ये बोटीत बसल्या. बरोबर मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची सोबतीण.

राहायचं ठिकाण ठरलं होतं: वाँटेज. ऑक्सफर्डपासून फार लांब नसलेलं, तेव्हाच्या बर्कशर परगण्यातलं गाव. तिथे विल्यम बटलर या धर्मगुरूंनी १८४८ साली जोगिणींचा, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती सिस्टरांचा मठ स्थापला होता, सेंट मेरी द व्हर्जिन या नावाचा. याच मठाच्या सिस्टर पुण्यात काम करत होत्या. पुण्यातलं पंचहौद मिशन आपल्याला आठवतं ते १८९०च्या चहामुळे, म्हणजे मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांना घ्यावं लागलेल्या प्रायश्चित्तामुळे. त्या चहाच्या कितीतरी आधी या मंडळींची रमाबाईंशी गाठ पडली होती. फादर नेहेम्या गोरे, म्हणजे काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, त्यांच्याशी रमाबाईंची धर्मचर्चा चाले, तीही याच सुमाराची. व्यवहार सरळ होता. मठानं रमाबाईंना ठेवून घ्यायचं, इंग्रजी शिकवायचं. रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरना मराठी शिकवायचं. माझ्या मते ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्या आश्रित म्हणून गेल्या नव्हत्या. पहिल्या दिवसापासून विद्यार्थिनीही होत्या आणि मास्तरीणही. पुढची सगळी भांडणं या दुहेरी नात्यातून निघाली.

या मठाचं वळण कसं होतं तेही सांगते, नाहीतर पुढचं उमगायचं नाही. चर्च इंग्लंडचंच, पण त्यातला हा पंथ जुन्या कॅथलिक रीतीकडे झुकलेला. प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा, उपास, पापनिवेदन, आणि या सगळ्याच्या बुडाशी आज्ञापालन. सिस्टर होताना जी व्रतं घ्यायची त्यातलं एक आज्ञापालनाचंच. ज्या बाईचं अख्खं आयुष्य या व्रतावर उभं आहे, तिच्या हाती रमाबाईंसारखी शिष्या सोपवली. तिचं नाव सिस्टर जेराल्डीन. रमाबाई तिला पत्रांत 'आजीबाई' म्हणत. मठाच्या रीतीप्रमाणे तिला नुसतं सिस्टर म्हणायला हवं होतं. रमाबाईंनी तिला घरात घेतलं आणि मग घरातल्या माणसाशी भांडावं तशा भांडल्या.

सुरुवातच भयंकर झाली. आनंदीबाई भगत यांच्या मनानं घेतलं की आपल्याला जबरदस्तीनं बाटवणार. एके रात्री त्यांनी रमाबाईंचा गळा दाबायचा प्रयत्न केला, असं ऑक्सफर्डच्या संस्कृत पंडित मॅक्स म्युलरनं आपल्या आठवणींत लिहिलं आहे. तो प्रयत्न फसला, आणि पुढे त्यांनी विष घेऊन स्वतःचा जीव दिला. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्स म्युलरच्या घरी राहायला गेल्या, तर त्यांच्या मनाची अवस्था अशी की रोज रात्री त्यांच्या खोलीत एका मोलकरणीला झोपवावं लागे. पंचवीस वर्षांची बाई, परका मुलूख, भाषा अजून अर्धवट, आणि एकुलती एक आपलं बोलणं समजणारी सोबतीण अशी गेलेली. याच शरद ऋतूत, २९ सप्टेंबर १८८३ला, रमाबाईंनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. निघताना आपण ख्रिस्ती होणार नाही असं पुण्यात सांगून आल्या होत्या. पुण्यात काय गहजब झाला असेल तो मी सांगायला नको.

धाकामुळे घेतला का? खचल्या म्हणून घेतला का? पुष्कळांनी असे तर्क केले. मला स्वतःला हे तर्क पटत नाहीत, कारण रमाबाईंनी स्वतः कारण सांगून ठेवलं आहे आणि ते प्रवचन ऐकल्याचं नाही. सिस्टरनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला आपलं एक घर पाहायला पाठवलं होतं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांचं घर. तिथे या बायका काम करत होत्या, सुधारलेल्या बायका पुन्हा इतर बायकांची सेवा करत होत्या, आणि व्रतस्थ सिस्टर त्यांच्याशी मायेनं वागत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. ज्या शास्त्रांवर त्या वाढल्या त्यांत अशा बाईला कुत्र्यांकडून फाडून टाकण्याची शिक्षा सांगितलेली. तिला जवळ करणारं आपल्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी सिस्टरला विचारलं, तुम्ही हे का करता? तिनं योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाई लिहितात त्याचा मथितार्थ असा, की हिंदुस्थानातल्या दीनदुबळ्या बायकांना वर काढू शकेल असा कुणी असेल तर तो ख्रिस्तच, हे मला तिथे कळलं. म्हणजे धर्म बदलला तो एक संस्था चालताना पाहून.

मग शिक्षण. डॉक्टर होणं राहूनच गेलं. कानानं कमी ऐकू येई, ते वाढत गेलं, वैद्यकीचा नाद सोडावा लागला. १८८४मध्ये त्या चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील. या बाई वेगळ्याच होत्या. शंका विचारणाऱ्या मुलीला गप्प बसवायचं नाही, शंकेसकट पुढे न्यायचं, अशी त्यांची रीत. रमाबाई इथे इंग्रजी, गणित, शास्त्रं शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. पुढेमागे हिंदुस्थानात नोकरीवर जाणाऱ्या तरुणांनाही त्यांनी शिकवावं असं घाटत होतं. झालं! मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवायचं? हिंदुस्थानात लोक काय म्हणतील, तिच्या पुढच्या कामाचं काय होईल?

रमाबाईंचं उत्तर असं: माझी आई तरुणांना शिकवायची, मीही शिकवलं, माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्यानं घेतली नाही, आता इथले इंग्रज लोक घेतात याचं मला मोठं नवल वाटतं. आणि पुढे, मला न विचारता माझ्याबद्दल कुणी काही ठरवलं तर ती माझ्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ समजेन. मला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे; देवानं ज्याची शक्ती दिली ते मी माझं विचार करून करीन. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्र्यांनी त्यांना जाब विचारला होता, ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. त्यांच्या लेकीला इंग्लंडात बिशप जाब विचारत होते. तिला फरक फारसा जाणवला नसावा.

ही पत्रं आपल्याला वाचायला मिळतात ती सिस्टर जेराल्डीननं सांभाळून, लावून ठेवली म्हणून. १९७७ साली आपल्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं ती छापली, अ. भि. शहांनी संपादन केलं. मूळ इंग्रजीत आहेत. पण इंग्रजी शिकून दोनच वर्षं झालेल्या बाईचं इंग्रजी असं असतं, यावर विश्वास बसत नाही.

जेवणाचंच घ्या. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडंही नको. मठातल्या बायकांना हा सोवळेपणा वाटला: बाप्तिस्मा झाला तरी जातीचा ताठा गेला नाही! रमाबाईंनी लिहिलं, शोधायचाच म्हटला तर माझा ताठा तुम्हाला सगळीकडे सापडेल, इंग्रजी 'पाय' पक्वान्नात आणि पुडिंगांत, लोण्यात आणि दुधात, पाण्यात आणि भातात, बुटांत, मोज्यांत, इतकंच काय, मी रोज जो ढीगभर कोळसा जाळते त्यातही. आणि लगेच विचारलं: एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत राहायला गेली आणि कुणाला त्रास नसताना तिनं आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं चालेल? त्या कोळशाच्या ढिगात इंग्लंडचा सगळा हिवाळा आहे आणि कोकणस्थी तिरकसपणाही. (रमाबाई कोकणस्थ होत्या, म्हणून मला एवढं म्हणायची मुभा असावी.)

गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरायची की संस्कृत, यावरही असंच झालं. जी भाषा मला येत नाही, माझ्या लोकांना येत नाही, ती का? ब्राह्मणांना संस्कृतचं जे वाटतं तेच तुम्हाला लॅटिनचं वाटतं का? जेराल्डीनला याचं उत्तर देता आलं नाही असं मी म्हणणार नाही. तिनं दिलं, लॅटिन ही साऱ्या पश्चिमी चर्चची जोडणारी भाषा वगैरे. पण प्रश्न जास्त टिकाऊ निघाला.

खरा खटका १८८५च्या मे महिन्यात उडाला. त्रैक्य (एकाच देवाची तीन रूपं), येशूचा कुमारीपोटी जन्म, पंथाचं विश्वासवचन (श्रद्धेची ठरलेली कबुली), यातलं बायबलात कुठे काय आहे ते मला दाखवा, असा रमाबाईंचा हेका. चर्च सांगतं म्हणून मान, असं जेराल्डीनचं म्हणणं. तेव्हा रमाबाईंनी लिहिलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण धर्मगुरूच्या तोंडून पडणारा शब्द न् शब्द मानायला बांधलेली नाही. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून काढलं आहे, तसलंच दुसरं घ्यायची तूर्त माझी तयारी नाही. 'तूर्त' हा शब्द त्यांचाच आहे बरं का, भाषांतरात मी घातलेला नाही.

आपण इथे टाळी वाजवतो आणि जेराल्डीनला खलनायिका करतो. मला तसं करावंसं वाटत नाही. या बाईनं दुसऱ्याची पोर सांभाळली, तापात उशाशी बसली असेल, तिला प्रार्थना शिकवल्या. आणि त्या पोरीची आई चेल्टनमहून लिहिते, की मनोरमेला अमुक शिकवू नका, जे मला स्वतःला पटत नाही ते तिच्या तोंडी घालू नका. मनोरमा कुणाची, हा प्रश्न त्या पत्रांत सारखा डोकावतो. जेराल्डीनची चूक शोधायची तर ती ही, की तिला मिशनसाठी एक हिंदुस्थानी सिस्टर घडवायची होती आणि समोर आलेली बाई आधीच घडलेली होती. संस्कृत पंडितेला वाद घालणं शिकवावं लागत नाही. तिचं बालपण शास्त्रार्थात गेलेलं. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्त ती मानणारच नाही.

जाता जाता एक तुलना. अठरा वर्षांनी, १९०१ साली, वाँटेजजवळच्या ऑक्सफर्डला आपले विठ्ठल रामजी शिंदे मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षणासाठी गेले. ते युनिटेरियनांचं, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या एकेश्वरवादी ख्रिस्त्यांचं कॉलेज; तिथे कुणी विश्वासवचनावर सही मागत नसे, तौलनिक धर्म शिकायला एस्टलिन कार्पेंटरांसारखे गुरू. शिंदे प्रार्थना समाजाचे राहिले, आनंदानं शिकले आणि परत येऊन १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. रमाबाई अशा कॉलेजात गेल्या असत्या तर? सुखात राहिल्या असत्या. पण फुलहॅमचं घर तिथे कुणी दाखवलं असतं का, याची मला शंका आहे.

१८८६च्या आरंभी त्या अमेरिकेला निघाल्या, ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोश्यांचा पदवीदान समारंभ होता म्हणून. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि राहिल्या. फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकल्या, पैसे उभे केले. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ला, मुंबईत शारदा सदन उघडलं. पैसा अमेरिकेचा, कुठल्याही बिशपची सत्ता नाही. पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं नाव गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढे केडगावचं मुक्ती उभं राहिलं, तेही कुठल्या एका चर्चपंथाला बांधलेलं नव्हतं; आणि त्यात कृपा सदन निघालं, फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला पाहिलं होतं तेच, पुणे जिल्ह्यात, मराठीत. उतारवयात त्यांनी ग्रीक आणि हिब्रू घेऊन बसून बायबलाचं मराठी भाषांतर केलं. बायबलात कुठे काय आहे ते दाखवा, असं जेराल्डीनला म्हणाल्या होत्या. शेवटी स्वतःच पाहायला बसल्या.

एक अडचणीची गोष्ट मात्र झाकून ठेवणार नाही. १८९३ला शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती वळणाला लागल्या म्हणून पुण्यात वादळ उठलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला भाग पाडत नाही, माझ्या खोलीचं दार प्रार्थनेच्या वेळी उघडं असतं इतकंच. त्या खरं बोलत होत्या असं मी मानते. पण बारा-चौदा वर्षांच्या, डोकं भादरलेल्या पोरीला जिनं मायेनं जवळ घेतलं, तिचं उघडं दार हे नुसतं दार राहतं का? वाँटेजला मनोरमेच्या बाबतीत हाच प्रश्न रमाबाईंनी स्वतः दुसऱ्या बाजूनं विचारला होता. त्यांनी त्याची आठवण ठेवली होती की नाही, ते त्यांच्या लिखाणात मला सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर जरूर सांगा. पत्रं वाचायला घेणार असाल तर पहिल्या पानापासून घेऊ नका. १८८५च्या मे महिन्यातली आधी काढा, मग मागे जा. प्रश्न असतील तर आता घेऊ.